सव्वा महिना

स्त्रियांच्या शस्त्रक्रिया-कक्षात परिचारिका म्हणून २२ वर्षे काढल्यावर काही वाक्ये जिभेवर अशी बसून जातात की ती उच्चारताना मन त्या ठिकाणी हजर असण्याचीही आवश्यकता राहत नाही. “सहा आठवडे जड उचलायचे नाही, उकिडवे बसून धुणे धुवायचे नाही, खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, ताप आला, लघवीला आग झाली किंवा अंगावरून वास येणारा स्राव जाऊ लागला तर घरी न थांबता तडक इकडे यायचे,” हा मजकूर मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयात, गर्भाशय काढून सुट्टी मिळालेल्या किती बायांना मी सांगितला असेल, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. बाई खाटेच्या कडेवर बसून, पदर सावरीत, मान डोलावीत असे. दाराशी तिचा नवरा पिशवी घेऊन उभा असे, सासू खाटेखालची भांडी गोळा करीत असे. आणि मी कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख लिहून, ते तिच्या हाती देऊन दुसऱ्या खाटेकडे वळत असे. मजकुरात चूक नव्हती. आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. परंतु ज्या व्यक्तीला मी तो सांगत होते तिच्या हाती त्यातील बहुतेक गोष्टी नव्हत्याच, हे ध्यानात यायला मला स्वतः तशा खाटेवर निजावे लागले.

चार वर्षे माझ्या अंगावरून जात होते. प्रारंभी पाळीचे दिवस वाढले, पुढे दोन पाळ्यांमधले अंतर नाहीसे झाले, आणि शेवटी जिना चढताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागू लागला तेव्हा तपासलेले हिमोग्लोबिन सातवर उतरले होते. गोळ्या झाल्या, लोहाची इंजेक्शने झाली, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. सोनोग्राफीत गाठी दिसल्या, त्यांतली एक अगदी आतल्या अस्तराला चिकटून बसलेली, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता म्हणाल्या, “चौदा आठवड्यांची आहे.” वैद्यकात वाढलेल्या गर्भाशयाचे माप गरोदरपणाच्या आठवड्यांनी सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि तो शब्दप्रयोग मी सहस्रावधी वेळा ऐकलेला होता, तरीही त्या दिवशी, दोन बाळंतपणे होऊन गेलेल्या आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्या देहाविषयी तो उच्चारला गेला तेव्हा, ज्याचा जन्म व्हावयाचा नाही अशा कशाचे तरी ओझे आपण वाहत आहोत असे वाटून मी बराच वेळ तपासणीच्या टेबलावरून उठले नाही.

रजेचा अर्ज मात्र एका दिवसात लिहून झाला. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ अन्वये वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा मिळते. तिच्यात वेतन पूर्ण असते, परंतु अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. मला ४५ दिवस मंजूर झाले आणि खात्यातून ९० गेले. आस्थापना शाखेतील कारकुनांनी सेवापुस्तकात नोंद केली, त्यावर साहेबांची सही झाली, आणि माझ्या दुखण्याला एक नाव, एक मुदत व एक खाते प्राप्त झाले. त्या वेळी मला यात विशेष काही वाटले नाही. नोकरीत असलेल्या माणसाला हे सारे आपल्या हक्काचे आणि म्हणून जगाच्या नैसर्गिक रचनेचाच भाग असल्यासारखे वाटत असते.

शस्त्रक्रिया पोटावरच्या आडव्या छेदातून झाली. अंडाशये निरोगी होती, ती ठेवली. मणक्यातून दिलेली भूल उतरली तेव्हा वेदनेपेक्षा पोटात कोंडलेल्या वायूनेच अधिक जीव घेतला. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढून, पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, माझ्याच हाताखाली शिकून तयार झालेल्या मुलीने मला उठवून चालवले, आणि कुशीवर वळून मग हातावर भार देऊन बसण्याची जी युक्ती मीच तिला शिकवली होती ती तिने मला समजावून सांगितली. सहाव्या दिवशी घरी आले. रुग्णालयापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे त्या दिवशी रिक्षात, पोटावर उशी दाबून धरीत, मी प्रथमच मोजले. ते अकरा आहेत.

घरी पैठणहून आई येऊन बसली होती. तिने बरोबर खारीक, खोबरे, डिंक आणि अळीव आणले होते. सुंठ कुटून ठेवलेली होती. बाजरीचे पीठ वेगळ्या डब्यात होते. मी दारातून आत आले तेव्हा तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, कानांवरून पंचा घट्ट बांधला आणि म्हणाली, “आता सव्वा महिना उठायचं नाही.” खाटेखाली शेगडी ठेवून शेक देण्याचा तिचा बेत मी टाक्यांची भीती सांगून मोडला, ओवा-बाळंतशेपाच्या धुरीला खोकल्याचे कारण पुढे करून नकार दिला, परंतु लाडू, मेथी-शेपूची भाजी, गरम पाणी आणि तो पंचा यांना विरोध करण्याचे बळ मजजवळ नव्हते. दोन दिवसांनी, अंगात थोडी धुगधुगी आल्यावर, मी तिला म्हणाले, “अगं आई, मी बाळंत झालेली नाही. उलट झालंय सगळं.” ती दूध ढवळीत होती, तिने मान वर न करता उत्तर दिले, “पोट रिकामं झालं की बाई बाळंतीणच. मला दुसरं काही करता येत नाही.”

त्या उत्तरावर मी पुढचे कित्येक दिवस निजून विचार करीत होते, आणि विचार करायला वेळ भरपूर होता. आमच्या समाजात बाईने निजून राहावे, आणि इतरांनी तिचे करावे, असा प्रसंग एकच मान्य झालेला आहे, तो बाळंतपणाचा. त्याची मुदत ठरलेली आहे, त्याचा आहार ठरलेला आहे, त्याचे स्थान, म्हणजे माहेर, ठरलेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की त्यातली सारी बंधने बाळंतिणीवर असण्यापेक्षा घरावर अधिक असतात. पाणी कोणी तापवायचे, न्हाऊ कोणी घालायचे, तिच्या वाटणीचे काम कोणी करायचे, याचा बंदोबस्त सुईण येण्यापूर्वीच झालेला असतो, म्हणून बाळंतिणीला ‘आराम करा’ असा उपदेश करावा लागत नाही. आईजवळ गर्भाशय काढलेल्या लेकीसाठी कोणताही विधी नव्हता. तेव्हा तिने जवळ असलेला जुनाच विधी काढून, झटकून, तो मला पांघरला. तिचा सव्वा महिना आणि आमच्या वैद्यकाचे सहा आठवडे यांत चार-पाच दिवसांचाच काय तो फरक.

या परंपरेचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. मी कक्षात काम केले आहे, आणि तिसऱ्या मुलीनंतर ज्यांना पाचव्या दिवशी भाकऱ्या थापाव्या लागल्या अशा बाया मी पाहिल्या आहेत. सव्वा महिन्याचा तो मान बाईला नव्हता, तिच्या दुधाला होता, तिच्या मांडीवरच्या मुलाला होता. मूल नसेल तर त्या मानावर तिचा दावा उरत नाही. म्हणूनच गर्भाशय काढलेली बाई घरी येते तेव्हा तिच्या भोवतीचे लोक दुष्ट नसूनही गोंधळतात. पाळणा नाही, रडणे नाही, चेहरा तर पूर्वीपेक्षा टवटवीत, कारण रक्त जायचे थांबलेले. पोटावरची जखम लुगड्याखाली झाकलेली, आणि आतली, जेथे गर्भाशयाचे मुख काढून योनीचा वरचा भाग शिवून घेतलेला असतो, ती तर कोणालाच न दिसणारी. दहाव्या दिवशी टाके निघाले की घराच्या दृष्टीने दुखणे संपले. वस्तुतः पहिल्या काही दिवसांत जखमेला स्वतःचे बळ जवळजवळ नसतेच, टाक्यांच्या आधारानेच ती जुळून राहते. पुढे आठवड्यामागून आठवडा तिच्यात नवे तंतू विणले जातात, आणि सहा आठवड्यांनीही ते विणकाम अर्धेच झालेले असते.

यजमान शाळेत शिक्षक आहेत, मुलगा अकरावीत. दोघेही माझ्यावर माया करणारे. ‘तू काही करू नकोस’ हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जात होते. पंधराव्या दिवशी माझ्या भावजयीला ताप आला म्हणून आई परत गेली. जाताना तिने सारे डबे हाताला येतील असे ओट्यावर मांडले. आमच्या भागात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येते, आणि तेही बहुधा रात्री. सतराव्या रात्री दोनच्या सुमारास नळाची घरघर ऐकू आली. यजमान परीक्षेच्या कामासाठी परगावी मुक्कामास होते. मुलगा अभ्यास करता करता दिवा तसाच ठेवून झोपी गेला होता. त्याला हाक मारावी असे मनात आले आणि, लेकराचा डोळा आता कोठे लागला असेल असे म्हणून, मी मारली नाही. नळीने पिंप भरत होते. पिण्याचा हंडा मात्र भरून आत न्यावयाचा होता, आणि तो मी अर्धाच भरला. अर्धा हंडा म्हणजे काही फार नव्हे, असे मी मला सांगितले. नेमके हेच वाक्य तपासणीस परत आलेल्या कितीतरी बायांच्या तोंडून मी ऐकले होते, आणि दर वेळी त्यांना रागे भरले होते.

सकाळी रक्त दिसले. अंथरुणावर बसून मी ते पाहत राहिले. त्याचा रंग, त्याचे प्रमाण, नाडीचे ठोके हे सर्व व्यवसायाच्या सवयीने मोजले, आणि मग मुलाला उठवून रुग्णालयात गेले. आतल्या शिवणीची कड किंचित सुटली होती. पुन्हा टाके घालण्याची वेळ आली नाही, औषधे आणि आणखी सक्तीची विश्रांती एवढ्यावर निभावले. डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत. त्या माझ्या मुलाशी बोलल्या. त्याला त्यांनी समोर बसवले, कागदावर पोटाची आकृती काढली, शिवण कोठे आहे ते दाखवले, हंडा उचलताना पोटातला दाब तिच्यावर कसा पडतो ते सांगितले, आणि विचारले, “पुढच्या वेळी पाणी रात्री आलं तर उठशील ना?” त्या दिवसापासून चारही आठवडे तो नळाशेजारी, उशाशी गजर लावून, निजला. तोपर्यंत त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मीही सांगितले नव्हते. मी त्याला फक्त ‘मला जड उचलायचं नाही’ एवढे म्हणाले होते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला त्या वाक्यातून आपल्यासाठी काही हुकूम निघतो हे कसे कळावे?

तेव्हापासून ज्यांना मी सुट्टी दिली त्या बाया मला आठवू लागल्या, आणि त्यांतही ऊसतोडीला जाणाऱ्या. गर्भाशय काढणे हा शब्द त्या वापरीत नाहीत. ‘पिशवी काढली’ म्हणतात. त्यांच्या प्रश्नाचा गवगवा २०१९ मध्ये झाला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाची समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. म्हणजे साधारण सहांमागे एक. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तिघींच्या आसपास होते. ज्या भूमीत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी, अंग बाहेर येण्याच्या विकारात गर्भाशय न काढता त्याला आतून आधार देण्याच्या शस्त्रक्रिया रचल्या आणि त्यांची नावे जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेली, त्याच भूमीत पांढरे जाण्यासारख्या तक्रारीवरही तरुण बाईची पिशवी काढून टाकली जावी, ही गोष्ट मला परिचारिका म्हणून आजही खाली मान घालायला लावते. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत स्वीकारण्याची राज्यांना ताकीद दिली. हे सारे आवश्यकच होते. परंतु चर्चा बहुतांशी शस्त्रक्रिया का झाली याभोवती फिरली. त्या १३,८६१ जणींनी पुढचे सहा आठवडे कोठे आणि कसे काढले, हा प्रश्न तिच्या कडेलाच राहिला.

माझ्यापाशी त्या प्रश्नाचे तुटक उत्तर आहे, कारण तपासणीला त्या परत येत नसत आणि आल्याच तर हंगाम संपल्यावर, पट्टा पडल्यावर, येत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला, आणि हंगामभर दोघांच्या घामातून ती फिटत जाते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडलेला ऊस साळून मोळी बांधायची, आणि तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा धरला जातो आणि त्याचा भुर्दंड हिशेबात वजा होतो. मला ४५ दिवसांची रजा होती आणि माझ्या खात्यातून फार तर पुढच्या आजारपणाचे दिवस गेले. त्यांचे खाते दुसऱ्याच्या वहीत असते. ‘जड उचलू नका’ असे मी ज्या घराला सांगत होते त्या घराने उचल आधीच घेतलेली असे, आणि ते घर मला कधी काही म्हणाले नाही, कारण मी त्याला काही विचारलेच नव्हते.

सेहेचाळिसाव्या दिवशी योग्यतेचा दाखला घेऊन मी कामावर रुजू झाले. थकवा पूर्ण गेला नव्हता; दुपारी तीननंतर पाय जड होत, आणि रात्री कधी अंगातून वाफ निघाल्यासारखी होऊन जाग येई. अंडाशये शाबूत असली तरी त्यांनाही या उलथापालथीचा धक्का बसतो, हे पुस्तकात वाचलेले आता अंगाने वाचत होते. काम तेच होते. फक्त सुट्टीच्या दिवशी मी कार्ड लिहिण्यापूर्वी दाराशी उभ्या असलेल्या माणसांना आत बोलावू लागले. खाटेभोवती त्यांना बसवायचे, आणि पहिला प्रश्न विचारायचा, “घरी पाणी कोण भरतं?” आरंभी लोक चमकत, रुग्णालयात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मग हळूहळू घर उलगडे. विहीर किती लांब, गिरणीतून दळण कोण आणते, जनावरे किती, संडास घरात की बाहेर, मोठी मुलगी शाळेत जाते की घरी असते. शेवटच्या प्रश्नाला मी विशेष जपते, कारण आईचे सहा आठवडे बहुधा त्या मुलीच्या शाळेतून वळते होतात, आणि तसे होऊ नये म्हणून दिरांची, भावांची, नवऱ्याची नावे मी कार्डाच्या मागे त्यांच्यासमोर लिहिते.

गेल्या भाद्रपदात वडवणीकडची एक बाई होती. वय ४१, गाठी मोठ्या, रक्त फार गेलेले. तिची शस्त्रक्रिया टाळण्याजोगी नव्हती. सुट्टीच्या दिवशी नवरा, सासू आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे खाटेभोवती बसले. मी आकृती काढून दाखवली. नवरा बराच वेळ बोटांवर काही मोजीत होता, मग म्हणाला, “सिस्टर, दसरा झाला की टोळी निघती. दसऱ्याला तेवीस दिवस राहिलेत. उचल जोडीची घेतलीय.” मी म्हटले, दिवाळीपर्यंत तिला फडात नेता येणार नाही. सासू म्हणाली, “मी ठिवते तिला माझ्यापाशी. ह्यो जाईल अर्धा कोयता.” तो गप्प राहिला. अर्ध्या कोयत्यावर गेले तर उरलेली अर्धी उचल अंगावर बसते, व्याजासह पुढच्या हंगामात जाते, हे त्या चौघांनाही माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत होते. शेवटी त्याने विचारले, “मुकादमाला दाखवाया दाखला भेटल का?”

कोणत्याही मुकादमाला तो दाखला मानण्याचे बंधन नाही. माझ्या कचेरीत ज्या कागदाने ४५ दिवस मंजूर होतात, त्या कागदाला फडावर कोणतीही किंमत नाही, हे मी त्याला सांगितले. “असू द्या,” तो म्हणाला, “कागद असला की बोलता येतं.” मी मजकूर लिहिला: मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, ओझे उचलणे, ऊस तोडणे, मोळी वाहणे ही कामे ४५ दिवस वर्ज्य. डॉक्टरीणबाईंची सही आणि शिक्का घेऊन आले. त्याने तो नीट घडी करून, उचलीच्या हिशेबाचा कागद ज्या प्लास्टिकच्या पिशवीत होता तिच्यातच ठेवला.

बाई कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठली. तिने हे बरोबर केले म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझेही असेच ऑपरेशन झाले होते हे तिला सांगितले. तिने माझ्याकडे, माझ्या पोटाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

“मग तुमचं पाणी कोणी भरलं, सिस्टर?”

“माझ्या मुलानं,” मी म्हणाले.

तिने आपल्या मुलाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. खाली वाकून त्याने खाटेखालची पाण्याची कॅन ओढून काढली, दोन्ही हातांनी उचलली, आणि आमच्या पुढे जिन्याकडे चालू लागला.